जुने चित्रपट आणि नवे पाळणे

वार्षिक सहलीचा विचार निघाला की विद्यार्थ्यांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष किल्ला, लेणी अथवा अभयारण्य पाहावे म्हणतो. दुसरा, आणि संख्येने पुष्कळच मोठा पक्ष, पाळण्यांच्या व पाण्याच्या खेळांच्या उद्यानाकडे डोळे लावून बसतो. समृद्धी महामार्ग आपल्या कारंज्याजवळून गेल्यापासून तर मुंबई-पुण्याकडील स्थळेही अगदी अंगणात आली, असे मुलांस वाटू लागले आहे. या दुसऱ्या पक्षाशी आमचे मुळीच भांडण नाही. खेळ आणि विस्मय यांची भूक ही बाल्याची खरी भूक होय, आणि ती भागविणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच आहे. परंतु ही भूक कोणत्या अन्नाने भागवावी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्यातील एका अंगाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. तो असा की, असल्या उद्यानांतील पाळणे व देखावे जुन्या, गाजलेल्या चित्रपटांच्या नावावर उभारावेत काय?

जत्रेतील आकाशपाळण्यास कथा नसते. तो वर जातो, खाली येतो, पोटात गोळा उठतो आणि पैसे फिटतात. पूर्वी जत्रांतून आकाशपाळणा, मौत का कुआं आणि तंबूतील सिनेमा ही सारी एकमेकांशेजारी उभी राहत; पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसे. ज्यास आता सर्वत्र थीम पार्क म्हणतात, त्या उद्यानाने जणू पाळणा आणि सिनेमाचा तंबू एकत्र आणला. तेथे प्रत्येक पाळण्यामागे एक कथा असते, आणि मनुष्य त्या कथेत बसून फिरून येतो. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ च्या जुलै महिन्यात डिस्नेलँड उघडले, ते या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात खोपोलीनजीक ‘इमॅजिका’ हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. चित्रपट व्यवसायात नाव मिळविलेले मनमोहन शेट्टी हे त्याचे संस्थापक. तेथे ज्या गोष्टी मांडण्यात आल्या, त्यांत ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावर बेतलेली एक राइड होती.

हा चित्रपट १९८७ सालचा, शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला. म्हणजे उद्यान उघडले तेव्हा तो सव्वीस वर्षांचा जुना झाला होता. मनगटावरील यंत्राच्या योगे अदृश्य होणारा नायक आणि मोगॅम्बो हा खलपुरुष यांची ती कथा. राइडची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रेक्षक ज्या आसनावर बसतो ते पुढे धावत नाही. ते एका हलत्या चौथऱ्यावर असते. समोरील पडद्यावर चित्र धावू लागले की चौथरा त्याच्या तालावर मागे, पुढे, बाजूस कलतो. आसन मागे कलले म्हणजे पाठीवर भार येतो. त्याच क्षणी डोळ्यांस वेगाने सरकणारे दृश्य दिसते. आणि कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे तेही फसून आपण झेपावत आहोत असे मेंदूस कळविते. मोगॅम्बो कोण हे ज्यास ठाऊक नाही, त्याचेही काळीज येथे धडधडते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील विवेचनाचा सारा भार तिच्यावरच आहे.

मग जुन्या चित्रपटाचे नाव घ्यावयाचे कशाला? कारण उघड आहे. असे उद्यान उभारण्यास अफाट भांडवल लागते, आणि भांडवल घालणारास अनोळखी कथेपेक्षा ओळखीची कथा निर्धास्त वाटते. परंतु ओळख कोणाची? २०१० नंतर जन्मलेल्या मुलास १९८७ चा चित्रपट स्वतःहून ठाऊक असण्याचे कारण नाही. तो ठाऊक आहे त्याच्या आईबापांस, ज्यांनी लहानपणी तो पडद्यावर वा दूरदर्शन संचावर पाहिला. आणि तिकिटाचे पैसे देणारेही तेच. उद्यान मुलांचे म्हणून ओळखले जाते खरे. पण त्यातील कथा पुष्कळदा पालकांच्या आठवणीतून निवडलेली असते, कारण पैशांची पिशवी पालकांच्या हाती असते.

तथापि एवढ्यावरून जुन्या चित्रपटांस दोष देणे अन्यायाचे होईल. रांगेत उभे असता मुलगा बापास विचारतो, “बाबा, हा मोगॅम्बो कोण हो?” आणि बाप हातवारे करून सांगू लागतो, त्या अर्ध्या घटकेत दोन पिढ्या एका कथेत भेटतात. एरवी एकाच घरात प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून बसलेला असतो, तेव्हा ही भेट लहान मानू नये. शिवाय नव्या साधनास जुन्या कथेचा हात धरावा लागणे ही काही आजची गोष्ट नव्हे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली चित्रपट हे नवे साधन लोकांपुढे ठेवले, तेव्हा कथा निवडली ती राजा हरिश्चंद्राची. पडद्यावरील माणसे त्या काळी बोलत नसत; कथा आधीच मुखोद्गत असलेल्या प्रेक्षकास चित्रे पाहून सारे उमजे. जुनी कथा ही नव्या घराचा उंबरठा झाली. ‘मिस्टर इंडिया’तील अदृश्य माणसाची कल्पनाही जुनीच आहे, एच. जी. वेल्स यांची त्या विषयावरील इंग्रजी कादंबरी १८९७ सालची. परंतु आपल्या चित्रपटकारांनी तीत अनाथ मुलांचे घर घातले, आणि अदृश्य नायक लाल प्रकाशात मात्र दिसतो अशी नवी युक्ती योजिली. जुने घेतले, पण त्यात स्वतःची भर टाकली. असे जुने आम्हांस शिरोधार्य आहे.

आमचा आक्षेप आहे तो नावावर विसंबून राहण्यास. नाव मोठे असले म्हणजे काम थोडे केले तरी चालते, असा मोह या व्यवसायात फार. परदेशांतील अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांती एका उद्यानात ‘बॅक टू द फ्यूचर’ या १९८५ च्या चित्रपटावरील राइड १९९१ साली थाटाने सुरू झाली आणि २००७ साली बंद पडली. त्याच उद्यानात ‘जॉज’ या १९७५ च्या चित्रपटातील शार्क माशाची सफर १९९० पासून होती; तीही २०१२ साली मोडून ती जागा हॅरी पॉटरच्या कथेस देण्यात आली. चित्रपटाच्या कीर्तीने पाळण्यास अमरत्व येत नाही, एवढे यावरून दिसते.

याच्या उलट बाजूही पाहावी. डिस्नेलँडमध्ये समुद्री चाच्यांची नौकासफर १९६७ साली सुरू झाली, तेव्हा त्या नावाचा चित्रपटच नव्हता. सफर एवढी लोकप्रिय झाली की तिच्यावरून २००३ साली चित्रपट निघाला! आणखी एक उदाहरण याहून अर्थपूर्ण आहे. ‘स्प्लॅश माउंटन’ नावाची पाण्याची उतरण १९८९ साली तेथे बांधली गेली, ती १९४६ च्या एका चित्रपटावर. त्या चित्रपटातील कृष्णवर्णीय लोकांचे चित्रण आक्षेपार्ह मानले गेले होते. उतरण बांधली गेली त्यानंतर तो अमेरिकेत चित्रपटगृहांतून पुन्हा प्रदर्शित झालाच नाही. असंख्य मुले मूळ चित्रपट न पाहताच त्या उतरणीवरून ओरडत खाली आली व आनंदली. अखेर २०२३ साली जुनी कथा काढून टाकण्यात आली आणि २०२४ साली तीच उतरण दुसऱ्या कथेसह पुन्हा उघडली. कथा गेली, उतरण राहिली. कारण उतरण कारागिरांनी मनापासून बांधलेली होती.

तेव्हा आमचे मत असे की, जुन्या चित्रपटाने पाळण्यावर पाहुणा म्हणून यावे, घरमालक म्हणून नव्हे. ज्याने तो चित्रपट कधी पाहिला नाही अशा मुलास त्या खेळात संपूर्ण आनंद मिळत असेल, तर चित्रपटाचे नाव खुशाल द्यावे. पालकांस तो वरकड लाभ होईल. पण नाव पुसून टाकल्यावर खाली काहीच उरत नसेल, तर तो पाळणा नव्हे, जाहिरातीची पाटी होय. उद्या कोणी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ या १९९३ च्या मराठी चित्रपटातील तात्या विंचूवर खेळ उभारला, तर त्यास हीच कसोटी लावावी. रामदास पाध्ये यांच्या हातचा बोलका बाहुला अंधारात अवचित मान वळवील, तर चित्रपटाचे नाव न ऐकलेले पोरही किंचाळेल. पण भिंतीवर नुसते चित्र रंगवून संवाद वाजविला, तर ते पोर कंटाळून बापाचा सदरा ओढील.

यात केवळ करमणुकीचा प्रश्न गुंतलेला नाही. कारंज्याहून खोपोली पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कापूस, तूर, सोयाबीन यांवर संसार चालविणाऱ्या घरातून मुलास तेथे धाडणे म्हणजे वर्षाच्या कमाईतून काढलेला घास होय. त्याच्या मोबदल्यात मुलास कोणाच्या तरी आठवणीची उतरलेली प्रत मिळू नये. त्याहूनही मोठी गोष्ट ही की, आजचे मूल वीस-पंचवीस वर्षांनी स्वतः पालक होईल. तेव्हा आपल्या मुलाचा हात धरून ते काय सांगेल? आपल्या बापाच्या बालपणीचे चित्रपट, एवढीच शिदोरी त्यापाशी असेल, तर त्याच्या स्वतःच्या बाल्याचे म्हणावे असे काय उरले? प्रत्येक पिढीस आधीच्या पिढीचे कर्ज घ्यावे लागते. पण ज्या पिढीने नुसते कर्ज घेतले आणि स्वतःचे काही पिकविले नाही, ती पुढच्यांस देणार काय?

चित्रपटावाचून लोक येणार नाहीत, ही भीतीही व्यर्थ आहे. शेगावी संस्थानाने उभारलेल्या आनंदसागरात कोणत्याही चित्रपटाचा आधार नव्हता. तळे, बागा आणि लहानशी आगगाडी एवढ्यावर साऱ्या वऱ्हाडाने तेथे गर्दी केली. इमॅजिकातच ‘राजासॉरस’ नावाच्या डायनासोरची नौकासफर करण्यात आली. हा प्राणी कोणा पटकथालेखकाने निर्मिलेला नाही. त्याची हाडे गुजरातेत नर्मदेच्या परिसरात सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्यास नाव दिले. आपल्या विदर्भातही चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे डायनासोरांचे जीवाश्म मिळाले आहेत. आणि ज्या काळ्या मातीत आपला कापूस उगवतो, ती त्याच युगाच्या अखेरीस उसळलेल्या लाव्ह्याच्या खडकापासून झालेली आहे. पायाखालची जमीनच एवढी थोर कथा सांगत असता उसनी कथा आणण्याची घाई कशास?

आणि आपले गाव काय थोडे समृद्ध आहे? दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींतून येणारे व्यापारी; भिंतींच्या चुन्यात कस्तुरी कालविल्याची हवेलीची दंतकथा; सोहोळच्या रानात उड्या घेणारे काळवीट; यांतील एकेकावर एकेक अद्भुत खेळ रचता येईल. जुन्या वस्तूस नवा जन्म कसा द्यावा याचा धडाही येथेच आहे. पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ हे दहाव्या शतकातील अपभ्रंश काव्य १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत छापले गेले. काव्य जुने म्हणून ते आपोआप जगले नाही. पंडितांनी हस्तलिखिते उघडली, ताडून पाहिली, शुद्ध केली, तेव्हा ते नव्या वाचकास मिळाले. जुन्याचा मान राखणे म्हणजे त्याच्यासाठी नवे श्रम करणे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलांस अशा उद्यानात अवश्य न्यावे, आणि तेथे भेटणारा जुना चित्रपट आधी घरी त्यांच्याबरोबर बसून पाहावा; म्हणजे आठवण तुमची असली तरी ती त्यांच्याही वाट्यास येईल. परत आल्यावर त्यांना कोणता पाळणा सर्वांत उंच होता हे न विचारता कोणती कथा आवडली आणि का, हे विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगावयाचे ते असे. तो चौथरा कसा हलला, पाणी वर कसे चढविले, अंधारात आवाज कोठून आला, याचा शोध घ्या. मग वहीत आपल्या गावच्या एका कथेसाठी पाळण्याचा नकाशा काढा. वेशीपासून आरंभ करा किंवा काळविटापासून. आज तो कागदावर राहील. पण ज्यांनी मोठमोठी उद्याने बांधली, त्यांच्याही हाती प्रथम कागदच होता.