मुडद्यांची टॅली

जॉन ब्रेनन हे नाव आपल्या झोपडपट्टीत कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. पण इंग्रजी चॅनल बघणाऱ्या आपल्याच काही शिकल्यासवरल्या पोरांच्या तोंडी ते मध्यंतरी फार होतं. २०१८ साली ट्रम्पने ह्या माणसाचा सरकारी गुपितं बघायचा परवाना काढून घेतल्याचं जाहीर केलं आणि साहेब एका रात्रीत लोकशाहीचा राखणदार झाला. आमचा एक दोस्त मला म्हणतो, लोहाराचा पोरगा आहे रे, बाप आयर्लंडातून पोटासाठी अमेरिकेत आलेला, म्हणजे आपल्यातलाच.

आपल्यातला? मग बघूच त्याची सर्व्हिस.

जन्म १९५५, न्यू जर्सी. १९७६ च्या निवडणुकीत ह्या पठ्ठ्यानं मत दिलं कम्युनिस्ट पक्षाच्या गस हॉलला! १९८० साली सीआयएत भरती होताना खोटं पकडणाऱ्या मशीनपुढं बसवलं, तेव्हा त्यानं हे कबूलही केलं. तरी नोकरी मिळाली. कुणाचं बंड पगारावर विझतं हे व्यवस्थेला बरोबर कळतं. पुढं रियाधला सीआयएचा मुख्य, मग डायरेक्टरच्या शेजारची खुर्ची, २००३ साली नव्या दहशतवादविरोधी केंद्राचा प्रमुख, मग काही वर्षं खाजगी कंपनीचा साहेब. २००८ साली सीआयएच्या डायरेक्टरपदासाठी नाव आलं. पण बुशच्या राज्यात कैद्यांचा छळ चालू होता तेव्हा हा तिथंच वर बसलेला होता, म्हणून बोंब झाली. ह्यानं नाव मागं घेतलं. घरी बसला? छे. ओबामाने त्याला थेट व्हाइट हाऊसमध्ये नेलं, दहशतवादविरोधी सल्लागार म्हणून. ह्या जागेला सिनेटची मंजुरी लागत नाही. मागचा दरवाजा फक्त आपल्याकडंच असतो असं समजू नका.

इथून पुढं खरं काम. पाकिस्तानातलं वझिरिस्तान, येमेन, आकाशात बिनमाणसाचं विमान, आणि कुणाला मारायचं त्याची यादी ह्याच्या टेबलावरून राष्ट्राध्यक्षाकडं.

१७ मार्च २०११. उत्तर वझिरिस्तानात दत्ताखेल इथं जिर्गा भरला होता. जिर्गा म्हणजे त्यांची पंचायत. तंटा क्रोमाइटच्या खाणीचा. माणसं गोल करून बसलेली. वरून क्षेपणास्त्रं पडली, चाळीसेक माणसं मेली. पाकिस्तानच्या लष्करप्रमुखानंसुद्धा निषेध केला. अमेरिकेचे अधिकारी मात्र ते दहशतवादीच होते म्हणत राहिले. आणि तीन महिन्यांनी, २९ जूनला, ब्रेननसाहेब भर सभेत सांगतात की गेल्या जवळजवळ वर्षभरात आमच्या हल्ल्यात एकही भलता माणूस मेला नाही.

एकही नाही! हे गणित कसं जमतं? २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सनं त्याची मेख उघडी केली. हल्ल्याच्या जागी लढायच्या वयाचा जो पुरुष मेला तो लढवय्या धरायचा. तो निरपराध होता असा पक्का पुरावा मेल्यावर कुणी आणला, तरच नाव खोडायचं. आता मेलेला पुरावा आणणार कुठून?

मी गोदीत काम करतो. आमच्याकडं टॅलीवाला उभा असतो. जहाजातून निघालेला प्रत्येक नग तो कागदावर उतरवतो. एक नग कमी भरला तर एजंट, मालक, कस्टम, सगळे मुकादमाच्या मानगुटीवर. मालाची टॅली अशी होते. वझिरिस्तानातल्या माणसाची टॅली लोखंडाच्या कांबीएवढीही नाही. २०१६ साली ओबामा सरकारनं आकडा दिला: २००९ ते २०१५ मध्ये लढाईच्या मुलखाबाहेर ४७३ हल्ले, बिगरलढवय्ये मेले ६४ ते ११६. बाहेरून मोजणाऱ्या पत्रकारांचा आकडा ह्याच्या कितीतरी पट आहे.

वय बघून, मुलूख बघून, गुन्हा न बघता माणूस गुन्हेगार ठरवायचा. दोस्तांनो, ही हत्यारं नवी असतील, हे टाळकं जुनं आहे. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पोटातलं पोरसुद्धा गुन्हेगार ठरवून ठेवलं. १९०१ साली ह्याच वझिरिस्तानासाठी सरहद्दीचा कायदा केला. एकानं गुन्हा केला तर सगळ्या टोळीला शिक्षा. आपल्याकडचा कायदा १९५२ साली कागदावरून गेला. तरी आजही गावात चोरी झाली की फौजदार आधी पारध्याच्या पालावर जातो. तिकडचा कायदा २०१८ पर्यंत चालू होता. म्हणजे खाली इंग्रजाचा कायदा आणि वर ब्रेननचं विमान. आणि 'दहशतवादविरोधी' हा शब्द आपल्याला काय फक्त टीव्हीवरचा आहे? २०११ साली 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे ह्यांना उचललं, २०१४ साली कोर्टानं निर्दोष सोडलं. तीन वर्षांवर तुरुंग झाल्यावर निर्दोष!

मार्च २०१३ मध्ये ब्रेनन शेवटी सीआयएचा डायरेक्टर झालाच. सिनेटमध्ये ६३ विरुद्ध ३४. शपथ घेतली ती बायबलवर नाही, तर राज्यघटनेच्या १७८७ च्या मूळ मसुद्यावर, जॉर्ज वॉशिंग्टनच्या हातच्या खुणा असलेल्या. ऐकून आपल्यातल्या भाबड्यांना भरून आलं असेल. घटना म्हटली की आपल्याला बाबासाहेब आठवतात. पण त्या १७८७ च्या कागदात नागरिकांच्या हक्कांची कलमं नाहीत. ती १७९१ साली आली. त्या कागदात आहे तो हिशेब असा: प्रतिनिधी किती द्यायचे ते ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. साहेबानं हात ठेवायला कागद बरोबर शोधला.

लोहाराच्या पोरानं राष्ट्राध्यक्षापुढं यादी ठेवायची, काळ्या राष्ट्राध्यक्षानं तिच्यावर होकार द्यायचा. आपली पोरं स्पर्धापरीक्षा देतात, द्यावी, साहेब व्हावं, बंदूक हातात आली तर तीही धरावी. पण आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे लढाई जिंकली म्हणून हलगी वाजवणाऱ्यांना मी विचारतो: टॅलीचा नियम कुणी बदलला? खुर्चीतला माणूस बदलला आणि वहीतला नियम तोच राहिला, तर मेलेल्याला काय फरक पडला?

ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानात ६८ वर्षांची एक म्हातारी शेतात भेंडी तोडत होती. नातवंडं आसपास. विमानातून मारा झाला, म्हातारीच्या चिंधड्या झाल्या, पोरं जखमी. तिला तर 'लढायच्या वयाचा पुरुष' ह्या रकान्यातही कोंबता येत नव्हतं. वर्षभरानं तिचा शाळामास्तर मुलगा जखमी नातू आणि नात घेऊन वॉशिंग्टनला गेला, संसदेत साक्ष द्यायला. दुभाष्यामार्फत पोरं बोलली. पाचशे पस्तीस प्रतिनिधींच्या त्या संसदेतून ऐकायला मोजून पाच आले. ब्रेनन त्या दिवशी सीआयएचा डायरेक्टर होता. २०२० साली त्यानं आत्मचरित्र छापलं.