‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं अडतं कुठं? दोष रेंजचा की सरकारी यंत्राचा?

खरिपाच्या नोंदणीची मुदत संपत आली की गावोगावी एकच वाक्य ऐकू येतं, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” ई-पीक पाहणी असो, सातबारा असो की विम्याचा अर्ज, बांधावर फोन उंच धरून उभा असलेला शेतकरी आणि स्क्रीनवर फिरणारं चाक हे चित्र ठरलेलं. दोन-तीन खेपा होतात, मजुरी बुडते. शेवटी मुदतवाढ मिळाली तर मिळते. पण बिघडलं काय होतं, हे कुणीच सांगत नाही.

नोंद नाही तर पीक नाही

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. हा फोटो वर गेला नाही तर शेतात सोयाबीन कमरेएवढं असलं तरी सातबाऱ्यावर रकाना कोरा राहण्याची भीती असते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारनं हेक्टरी ५ हजार रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले तेव्हा आधी ई-पीक पाहणीचीच नोंद धरली गेली. नोंद नसलेल्यांची ओरड झाल्यावर अट शिथिल करावी लागली. म्हणजे अडकलेल्या एका फोटोची किंमत १० हजारांपर्यंत जाऊ शकत होती.

एक डीपी, पंचवीस मोटारी

सरकारी सेवा आता मोठ्या प्रमाणात ‘क्लाऊड’वर चालतात. केंद्राची ‘मेघराज’ ही क्लाऊड सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. यात प्रत्येक खात्याला वेगळं यंत्र मिळत नाही. एकाच मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरनं भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र सर्व्हरसारखा चालतो. याला आभासी, म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. यानं खर्च वाचतो, सोय होते. पण आत प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्कची वायर सामाईकच असते.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. ६३ केव्हीएच्या डीपीवर दहा-बारा मोटारींऐवजी वीस-पंचवीस जोडल्या की काय होतं? डीपी जळत नाही तोवर वीज ‘आहे’च असते, पण व्होल्टेज मिळत नाही आणि मोटार पाणी उचलत नाही. सर्व्हरचंही तसंच. तो ‘डाऊन’ नसतो, दबलेला असतो.

अडायच्या जागा तीन

पहिली जागा म्हणजे गावातली रेंज. स्पीड टेस्टमध्ये दिसणारा मोठा आकडा डाऊनलोडचा असतो; फोटो पाठवायला अपलोड लागतो आणि तो बहुतेक वेळा बराच कमी असतो. शिवाय नेटचा वेग ‘मेगाबिट’मध्ये आणि फोटोचा आकार ‘मेगाबाईट’मध्ये मोजतात. एका बाईटमध्ये ८ बिट. म्हणून ३ एमबीचा फोटो म्हणजे २४ मेगाबिट. अपलोड १ एमबीपीएस असेल तर निदान २४ सेकंद, पाव एमबीपीएस असेल तर दीड मिनिटावर. मध्ये रेंज तुटली तर बऱ्याचदा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरी जागा कार्यालयातली किंवा सेवा केंद्रातली. एकाच राऊटरवर पाच संगणक आणि सगळ्यांचे मोबाईल. किंवा नुसती केबल खराब. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात; एक जरी तुटली तरी १००० एमबीपीएसची जोडणी १०० वर येऊ शकते. नेट बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी जागा म्हणजे खुद्द आभासी सर्व्हर. त्याचं नेटवर्क कार्डही सॉफ्टवेअरनं बनवलेलं असतं. त्याचा प्रकार किंवा ड्रायव्हर जुना असेल, डेटाचे तुकडे पाडण्याची सेटिंग जुळत नसेल, तर भारी यंत्रावरही फाइल रांगत जाते. कधी नेटवर्क ठीक असतं, पण डिस्कच लिहायला मागं पडते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी डिस्क बाजूला ठेवून फक्त नेटवर्कचा वेग मोजतो, मग डिस्क तपासतो. एकाच यंत्रावरच्या दोन आभासी सर्व्हरमध्ये फाइल झटकन गेली, पण बाहेर जाताना अडली, तर दोष बहुधा बाहेरच्या कार्डात, केबलमध्ये किंवा स्विचमध्ये निघतो. यासाठी महिना लागत नाही. मोजायचं मनावर घेतलं पाहिजे.

गावात काय पाहता येईल?

बाकी सगळं चालतं, व्हिडिओ कॉलही लागतो आणि सरकारी ॲपच अडतं, तर दोष बहुधा वरचा. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर काम झालं, तर दोष रेंजचा. पहाटे पाचला होतं आणि सकाळी अकराला होत नाही, तर गर्दीचा भार. अशा वेळी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे तलाठ्यांना, लेखी कळवून पोच घ्यावी. नुसतं “सर्व्हर नव्हता” म्हणणं पुढं कामाला येत नाही. नोंदणीही शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

मुदतवाढ म्हणजे दुरुस्ती नव्हे

मुदत वाढली की तीच गर्दी पुढच्या तारखेला त्याच सर्व्हरवर येते. ऑगस्ट-सप्टेंबरात भार वाढणार हे दरवर्षी आधीच माहीत असतं. आभासी सर्व्हरचा मोठा फायदाच हा, की हंगामापुरती ताकद वाढवता येते. मग ती वेळेत का वाढवली जात नाही, हा खरा प्रश्न आहे. सेवा किती तास मंद होती याची नोंद सरकारनं रोज जाहीर करावी आणि तेवढे तास मुदतीत आपोआप धरावेत, एवढी मागणी ग्रामसभेच्या ठरावातून करता येते. बांधावर जाऊन फोटो काढणं हे शेतकऱ्याचं काम आहे आणि ते तो करतो. पुढचा रस्ता मोकळा ठेवणं हे सरकारचं काम आहे.