जुगारी आणि त्याचा सल्लागार

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील द्यूतकारास खेळ सोडावयाचा असतो. पण फाशांचा आवाज कानीं पडतांच त्याचे पाय तिकडेच वळतात. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें १९८० सालीं हें वेड आपल्या विकारसूचींत घेतलें व २०१३ सालीं तें दारूच्या व्यसनाशेजारीं बसविलें. तेव्हां नुसता उपदेश करणारा सल्लागार येथें निरुपयोगी होय. रोग्याच्याच तोंडून खेळ सोडण्याचीं कारणें वदवावीं, कर्जाचा खरा आंकडा विचारावा, आणि जीव देण्याचा विचार मनांत येतो काय, हेंही न संकोचतां विचारावें, असें शिक्षण त्यास मिळालेंच पाहिजे. घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच कीं, अब्रूच्या भयानें कर्ज गुपचूप फेडूं नये. त्यानें बहुधा पुढच्या डावाचीच वाट मोकळी होते.