सिडनीची शिदोरी, खोडदचे धन

पावसाळा निम्मा सरला की मुंबईच्या विमानतळावर एक दृश्य रोज दिसू लागते. घरच्या काट्यावर दोनदा वजन केलेल्या बॅगा, त्यांत कपड्यांच्या घड्यांमध्ये दडवलेला कुकर, गोडा मसाला आणि मेतकूट, आणि त्या बॅगांभोवती उभे असलेले सगळे घर. नारायणगावच्या बागायतदाराचा मुलगा आणि पुण्याच्या बँक कर्मचाऱ्याची मुलगी आता एकाच रांगेत उभी असतात. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणे ही काही मोजक्या घराण्यांची मिरास राहिलेली नाही. त्यासाठी शेत किंवा घर तारण ठेवणारे पालकही आज गावोगाव आढळतात.

तिकडे पोहोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस मात्र कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसतात. खोलीचे भाडे, बँकेचे खाते, अनोळखी उच्चार, चहाच्या प्रत्येक कपाची मनातल्या मनात रुपयांत होणारी किंमत आणि रात्री घरी फोन लावताना मुद्दाम खणखणीत केलेला आवाज! याच दिवसांत त्या मुलाच्या मनाची घडण होत असते. कोणी तेथील झगमगाटाने दिपून जातो आणि आपले ते सारे हीन मानू लागतो. कोणी बिचकतो आणि आपल्याच चार मित्रांच्या कोंडाळ्यात दोन वर्षे काढून पदवी घेऊन बाहेर पडतो. न्यूनगंड आणि अहंगंड या दोन काठांमधून वाट काढणारे थोडेच असतात. त्यांतील एकाची गोष्ट जुन्नर तालुक्यातील खोडदच्या माळावर उभी आहे.

खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, हे नाव एव्हाना शाळकरी मुलांनाही परिचित आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यवर्ती भागात आणि १६ तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. बारीक पोलादी तारांच्या जाळीमुळे वारा अडत नाही आणि सांगाडा हलका राहतो. या कल्पक रचनेमुळे एवढा प्रचंड प्रकल्प मर्यादित खर्चात उभा राहिला. २००१ मध्ये ही दुर्बीण जगातील वैज्ञानिकांसाठी खुली झाली. तिचे शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप. जन्म १९२९ चा, उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वारचा. अखेरचा श्वास २०२० मध्ये पुण्यात.

हे गोविंद स्वरूप १९५३ मध्ये कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर सिडनीला गेले, तेव्हा ते अवघ्या चोवीस वर्षांचे होते. अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. झालेल्या या तरुणाला राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक सर के. एस. कृष्णन यांनी पाठविले होते. सोबत आर. पार्थसारथी हे दुसरे भारतीय संशोधक होते. त्या काळी ऑस्ट्रेलियात गोऱ्यांखेरीज इतरांना कायमच्या वास्तव्यापासून दूर ठेवणारे धोरण अमलात होते. ते पूर्णपणे संपुष्टात आले १९७३ मध्ये. म्हणजे शहर मोठे, देश परका आणि त्या देशाचा कायदाच तुम्हाला ‘पाहुणे आहात, याद राखा’ असे बजावणारा. अशा ठिकाणी चोवीस वर्षांच्या भारतीय तरुणाने काय करावे?

स्वरूप कामाला लागले. महायुद्धात रडारवर काम केलेल्या शास्त्रज्ञांनी तेथे रेडिओ खगोलशास्त्र हे नवे शास्त्र उभारले होते. जोसेफ पॉझी हे त्या गटाचे प्रमुख. या नवख्या पाहुण्यांनी एकाच खोलीत एकाच मार्गदर्शकाला धरून बसू नये, अशी व्यवस्था त्यांनी केली. पहिल्या वर्षी क्रिस्तियानसेन, वाइल्ड, मिल्स आणि बोल्टन या चौघांच्या गटांत आळीपाळीने सुमारे तीन-तीन महिने काम करायचे. सूर्याच्या रेडिओ चित्रासाठी लागणारी किचकट गणिते संगणकाविना, साध्या गणनयंत्रावर करायची. पहिल्या दिवसांचे हे कष्ट कोणालाही वेठबिगारीसारखे वाटले असते. पण एका मोठ्या तबकडीऐवजी अनेक लहान तबकड्या एकत्र जोडून आकाश न्याहाळण्याचे जे तंत्र पुढे खोडदला साकारले, त्याची अक्षरओळख स्वरूप यांना येथेच झाली.

पॉट्स हिल या ठिकाणी जलाशयाच्या काठी सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्यांची रांग होती. नवे यंत्र येणार असल्याने ती मोडीत निघणार होती. स्वरूप यांनी विचारले, या तबकड्या भारताला देता येतील का? पॉझींनी आणि त्यांच्या संस्थेने उदार मनाने होकार दिला. परक्या देशात राहूनही ज्याच्या मनात आपल्या देशातील रिकामी प्रयोगशाळा सतत जागी असते, त्यालाच असा प्रश्न सुचतो. पण त्या दिलदार यजमानांचे ऋणही येथे मान्य केलेच पाहिजे. ज्ञान देणाऱ्याचे आभार न मानणारी देशभक्ती ही कोत्या मनाची असते.

कथा येथे संपली असती तर ती सुभाषितासारखी गोड झाली असती. प्रत्यक्षात पुढचा अध्याय आपल्यासाठी अधिक बोचरा आहे. स्वरूप मायदेशी परतले, पण तबकड्या आल्या नाहीत. वाहतुकीचा खर्च कोणी उचलायचा, यातच घोडे अडले. हात बांधून बसलेला तो तरुण १९५६ मध्ये पुन्हा परदेशी, या वेळी अमेरिकेला, निघून गेला आणि स्टॅनफर्डमध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली. त्या वेळी ‘गेला एकदाचा डॉलरच्या मागे’ असे कोणी म्हटले असते, तर तो त्याच्यावर घोर अन्याय ठरला असता. मुलगा परतला होता. घराचे दार उघडले नव्हते.

१९६१ मध्ये परदेशातील चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, भारतात परतून एकत्र काम करण्याचा प्रस्ताव पाठविला. डॉ. होमी भाभा यांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळविला. एका तारेने काय घडू शकते, हे पाहण्यासारखे आहे. १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. सिडनीच्या त्याच तबकड्या १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण साकारली आणि त्यानंतर खोडद. २०२३ मध्ये विश्वभर पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला, तेव्हा युरोपीय शास्त्रज्ञांच्या बरोबरीने खोडदच्या निरीक्षणांचाही त्यात वाटा होता. सहा फुटांच्या तबकड्या मागणारा देश आज साऱ्या जगाला ४५ मीटरच्या तबकड्या वापरू देतो.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. ‘आयुका’चे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर हे १९५७ मध्ये केंब्रिजला गेलेले विद्यार्थी. तेथे कीर्ती मिळवून ते १९७२ मध्ये परतले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही केंब्रिजहून परतून काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापनाला लागले होते. म्हणजे शिवनेरीच्या परिसरात, दोन लगतच्या तालुक्यांत, परदेशी शिकून परतलेल्या दोन विद्यार्थ्यांची साक्ष उभी आहे.

यातून बोध घ्यायचा तो मुलांइतकाच पालकांनी आणि समाजानेही. परदेशी जाणे म्हणजे देशद्रोह नव्हे आणि परत येणे म्हणजे अपयश नव्हे. मुलाला निरोप देताना ‘जपून राहा’ एवढेच न सांगता ‘तिथले काय आणण्यासारखे आहे ते पाहून ठेव’ असेही सांगावे. त्याच्या पहिल्या आठवड्यांत ‘नोकरी कधी, पगार किती’ हे प्रश्न फोनवर विचारू नयेत. कर्जाचा हप्ता खराच आहे आणि तो फिटेपर्यंत त्याला तिथे राहावे लागले, तर त्यात दोष मानू नये. मात्र तो परतू पाहील, तेव्हा शासकीय कार्यालये, विद्यापीठे, उद्योग आणि सग्यासोयऱ्यांच्या बैठका त्याचे कसे स्वागत करतील, याचा विचार आजच व्हायला हवा. ‘तिथले सोडून इथे कशाला आलास?’ हा प्रश्न कोणत्याही परकीय कायद्यापेक्षा अधिक कठोरपणे दार लावून घेतो.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विद्यार्थ्यांची गर्दी लोटते. पंचक्रोशीतील मुले मान वर करून त्या तबकड्यांकडे पाहतात. त्यांतील काही उद्या दूरच्या शहरांत एकेकट्या खोल्यांत पहिली रात्र काढतील. त्या रात्री त्यांना हा माळ आठवावा, आणि ती परतू म्हणतील तेव्हा येथून होकाराची तार जायला विलंब होऊ नये.