ब्योमकेशाचा अजित आणि आमचा सोवळेपणा

गेल्या गणेशोत्सवात दिल्लीतील आमच्या वस्तीतल्या मंडळाने ‘रहस्यकथा आणि आपण’ ह्या विषयावर एक परिसंवाद ठेवला होता. अध्यक्षीय समारोपापूर्वी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी उभी राहिली. तिने शांतपणे सांगितले, की ब्योमकेश बक्शी आणि अजित ह्यांच्या सहवासात आपल्याला व आपल्या मैत्रिणींना मैत्रीहून काही अधिक दिसते, होम्स आणि वॉटसन ह्यांच्यातही दिसते, आणि आपण त्यावर कथाही लिहितो. ती खाली बसते न बसते तोच एक वयोवृद्ध गृहस्थ ताडकन उठले. “मैत्रीसारखे पवित्र नाते ह्या पोरांनी नासवले!” असे ते म्हणाले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. टाळी वाजविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. हा लेख त्या टाळीचे प्रायश्चित्त आहे.

पहिला आक्षेप असा, की हे सारे आजच्या पिढीचे खूळ आहे. हा आक्षेप अज्ञानमूलक आहे. न्यूयॉर्कमधील होम्सभक्तांच्या मेजवानीत रेक्स स्टाउट ह्या रहस्यकथाकाराने, वॉटसन ही वस्तुतः स्त्री होती, असे भाषण थट्टेने केले ते 1941 साली. बिली वाइल्डरच्या 1970 च्या चित्रपटात एका नर्तकीच्या तावडीतून सुटण्यासाठी होम्स स्वतःच वॉटसनशी आपले तसले नाते असल्याची बतावणी करतो. त्याहूनही मागे जावे. 1889 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एका अमेरिकन मासिकाच्या संपादकाने दोन लेखकांना जेवू घातले. त्या एका जेवणातून कॉनन डॉइलची दुसरी होम्सकथा निघाली आणि ऑस्कर वाइल्डची ‘डोरियन ग्रे’ही निघाली. पुढे 1895 मध्ये ह्याच वाइल्डला 1885 च्या कायद्याखाली पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. डॉइलच्या मनात तसे काही होते, असे मी म्हणत नाही. ज्या काळात विशिष्ट प्रेमाचा उच्चार तुरुंगात नेत होता, त्या काळच्या मौनाकडे वाचकाने थोडे संशयाने पाहिले तर त्याला खुळा म्हणता येणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप असा, की जे संहितेत नाही ते हे लोक तिच्यावर लादतात. ह्या आक्षेपाला वजन आहे. परंतु ‘जे लिहिले तेवढाच अर्थ’ हा दंडक आपल्या साहित्यशास्त्राने केव्हा मानला? सूर्य मावळला, एवढेच वाक्य गुराख्याला गाई वळविण्याची सूचना देते आणि अभिसारिकेला निघण्याची. हे उदाहरण आपल्या आलंकारिकांनीच दिले आहे. व्यंग्यार्थ कोणता, हे वक्ता, श्रोता आणि प्रकरण ह्यांवरून ठरते. तेव्हा ह्या मुलीचा अर्थ त्याच कसोटीला लावून पाहू.

शरदिंदु बंद्योपाध्यायांनी ब्योमकेश जन्माला घातला तो 1932 साली. पुढे हा बंगाली लेखक चित्रपटांसाठी मुंबईला आला, 1952 पासून पुण्यात राहिला आणि ब्योमकेशाच्या उत्तरकालीन कथा त्याने तेथेच लिहिल्या. तेव्हा हा नायक आम्हांला अगदीच परका नाही. पहिल्या भेटीच्या कथेत कलकत्त्याच्या एका मेसमध्ये जागा नसते. नाव बदलून आलेल्या ब्योमकेशाला अजित आपल्या खोलीत घेतो. पुढे दोघे हॅरिसन रोडवर एकत्र राहू लागतात. येथपर्यंत सारे अर्थशास्त्र आहे. पेन्शनीच्या साडेअकरा शिलिंगांत लंडनमध्ये भागत नाही म्हणून वॉटसन होम्सबरोबर बिऱ्हाड करतो, गिरणगावात एका खोलीत दहा-बारा कामगार पाळीपाळीने झोपत, आणि कलकत्त्याच्या मेसमधले कारकूनही तसेच. परंतु माणसे एकत्र का आली ह्याचे उत्तर आणि ती एकत्र का राहिली ह्याचे उत्तर एकच असते असे नाही. ब्योमकेशाचे सत्यवतीशी लग्न होते. तरीही अजित त्याच घरात राहतो, आणि लग्न मात्र करीत नाही. बासु चॅटर्जींच्या 1993 च्या मालिकेत रजित कपूर, के. के. रैना आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी ह्यांनी हे तीन माणसांचे घर इतके सहज उभे केले, की 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखविली तेव्हा आम्ही कौतुकाने पाहिली. त्या घराकडे पाहून मला निखळ मैत्री दिसते. त्या मुलीला प्रेम दिसते. माझ्या अर्थाला संहितेचा जितका आधार आहे, त्याहून तिच्या अर्थाला तो कमी असेल. पण अगदीच नाही, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि खरे भांडण येथेच आहे. अशा वाचनाने म्हणे मैत्री नासते.

मी आणि माझा एक मित्र करोलबागेत एका गच्चीवरच्या खोलीत सहा वर्षे एकत्र राहिलो. दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत, दोघेही पदवीधर, दोघांच्याही घरी पैसे पाठवायचे. हिवाळ्यात एकच हीटर, उन्हाळ्यात एकच कूलर. मला डेंग्यू झाला तेव्हा त्याने आठ दिवसांची रजा काढली. त्या रजेवरून कचेरीत पहिला विनोद झाला. मग रोज होऊ लागले. घरमालकाने एकदा हसत हसत लग्नाचे विचारले. आम्ही उत्तरादाखल काय केले? एकत्र बाजारात जाणे बंद केले. खांद्यावरचा हात काढला. वर्षभरात त्याने बदली मागून घेतली. निजामुद्दीन स्थानकावर मी त्याला पोचवायला गेलो आणि दोन अधिकारी करतात तसे हस्तांदोलन करून परतलो.

आमची मैत्री कोणी नासवली? आमच्या कचेरीत ब्योमकेशावरच्या तसल्या कथा कोणी वाचलेल्या नव्हत्या. आम्हांला मारले ते ‘तसे’ समजले जाण्याच्या धसक्याने. हा धसका उत्पन्न होतो, कारण ‘तसे’ असणे आपण लाजिरवाणे मानतो. ज्या गोष्टीत लाज नाही, तिचा संशय हा आरोप होऊच शकत नाही. मला कोणी चुकून कानडी समजले तर मी हसून दुरुस्ती करतो. मैत्री तोडीत नाही. टिळक मार्गावरच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या अशा संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. मेकॉलेप्रणीत दंडसंहितेतले ते कलम 1860 चे. कायद्याने दीडशेहून अधिक वर्षांनी सोडले, आम्ही अजून सोडलेले नाही. जे वृद्ध गृहस्थ मैत्रीचा कैवार घेऊन उठले, ते वस्तुतः मैत्रीच्या मारेकऱ्याचीच बाजू मांडीत होते.

रागवायचेच असेल तर ज्यांनी ह्या धसक्याचा धंदा केला त्यांच्यावर रागवावे. बीबीसीच्या 2010 ते 2017 च्या होम्समालिकेत लोक त्या दोघांना जोडपे समजतात, वॉटसन इन्कार करतो आणि प्रेक्षक हसतो. आणि हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ‘कल हो ना हो’ मधील कांताबेनचा धसका पाहून 2003 मध्ये आपणही असेच खदखदलो. सूचना करावयाची, पैसे वसूल करावयाचे, आणि सूचनेवर विश्वास ठेवणाऱ्यालाच वेडे ठरवावयाचे, ह्याला कला म्हणत नाहीत. त्या मुली निदान ह्या नात्याची थट्टा तरी करीत नाहीत.

त्या मुलीलाही एक सांगावयाचे आहे. दोन पुरुष एकमेकांसाठी जीव टाकतात म्हणजे ते प्रियकरच असले पाहिजेत, असा नियम मात्र करू नकोस. तसे केल्यास वृद्ध गृहस्थांचेच माप तू उलट बाजूने वापरशील. मैत्रीला स्वतःच्या बळावर एवढे मोठे होता येते, ह्यावर त्यांचाही विश्वास नाही आणि मग तुझाही राहणार नाही. अजित प्रियकर असू शकतो. तो केवळ मित्रही असू शकतो. दोहोंना जागा असलेल्या घरातच दोन्ही निर्धास्त राहतात.

मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली आली. तिच्यातल्या मित्राचे स्त्रीवर प्रेम आहे, आणि ती स्वतः स्त्री आहे. तेव्हा आम्हांला ह्या विषयाची ओळख नव्हती, ही सबब चालणार नाही. महाराष्ट्राबाहेर राहणारे आम्ही स्वतःला मराठी संस्कृतीचे राखणदार समजतो. राखण करताना काय राखतो आहोत, हे मधूनमधून पाहावे.

वाजविलेली टाळी परत घेता येत नाही. पुढच्या गणेशोत्सवात ती मुलगी पुन्हा उठली, तर मी तिच्या बाजूने उठेन. आणि त्याआधी एक पत्र लिहावयाचे आहे. मित्राचा पत्ता माझ्यापाशी आहे. आठ वर्षे तो खणात पडून आहे.