लालबागचे फाटक आणि वाडांचा उकिरडा

इंदूरला गेलेला माणूस दोन गोष्टी केल्याशिवाय परतत नाही. सकाळचे पोहे-जलेबी आणि रात्रीचा सराफा. मधला दिवस मोकळा असतो, तेव्हा यजमान त्याला लालबाग दाखवायला नेतात. मलाही नेले.

लालबाग म्हणजे होळकरांचा राजवाडा. १८८६ साली सुरू झालेले काम १९२१ पर्यंत, म्हणजे तीन पिढ्या चालले. बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाची नक्कल असलेले, थेट इंग्लंडहून आणवलेले लोखंडी फाटक, इटालियन संगमरवर, झुंबरे, नाचताना पायांना लचक मिळावी म्हणून स्प्रिंगांवर बसवलेली लाकडी जमीन. मुदपाकखाना नदीपलीकडे, आणि तिथून जेवण यायचे ते भुयारातून. मार्गदर्शक हे सारे घडाघडा सांगतो. नदीबद्दल मात्र तो फारसे बोलत नाही. गरजही नाही म्हणा, वारा फिरला की तिची ओळख आपोआप होते. ही कान्ह नदी. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे पोटात घेऊन उज्जैनकडे क्षिप्रेला भेटायला जाणारी.

बाहेर पडल्यावर मी यजमानांना विचारले, "काका, ते हॉवर्डचं प्लांट इन्स्टिट्यूट कुठे आलं हो?"

"कसलं इन्स्टिट्यूट?" काका विचारात पडले. "शेतकी कॉलेज म्हणताय का? तिथे काय बघायचंय? झाडं आहेत आणि जमीन आहे."

काकांचा दोष नाही. लालबाग बांधून झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, तिसऱ्या तुकोजीरावांच्याच कारकिर्दीत, याच शहरात सुमारे ३०० एकर जमिनीवर एक संशोधन संस्था उभी राहिली आणि तिथल्या एका खड्ड्याने जगभरच्या शेतीत इंदूरचे नाव नेले, हे खुद्द इंदुरातही फारसे कुणी सांगत नाही. फाटक दिसते. खड्डा बुजतो.

मला हॉवर्ड भेटला तो म्हापशात. तिथल्या अदर इंडिया प्रेसने त्याचे 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' हे १९४० सालचे पुस्तक पुन्हा छापले होते, ते हाती लागले. आल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली हिंदुस्थानात आला, बिहारमधल्या पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. आला होता इथल्या शेतकऱ्यांना शिकवायला. पण शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले खरे प्राध्यापक, असे म्हणण्यापर्यंत तो पोचला. त्याची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः केंब्रिजची वनस्पतिशास्त्रज्ञ. पुशाच्या गव्हावर दोघांनी मिळून काम केले. मग १९२४ साली दोघे इंदूरला आले. मध्यवर्ती कापूस समितीचा पैसा, मध्य भारतातल्या संस्थानांची वर्गणी आणि होळकर दरबारची जमीन, अशा तीन हातांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली.

काम होते कापसाचे. पण हॉवर्डचे म्हणणे असे की पीक एकटे तपासून उपयोग नाही. माती, मुळे, गुरे, खत, पाणी आणि ते खाणारा माणूस, ही एकच साखळी आहे. वनस्पतिशास्त्राचा एक कप्पा, रसायनाचा दुसरा, रोगांचा तिसरा, अशा कपाटात ती मावत नाही. म्हणून त्याने मातीकडे मोर्चा वळवला आणि तिथून जन्मली 'इंदूर पद्धत'.

पद्धत म्हणाल तर साधी. खड्ड्यात काडीकचरा, पाचट, पाने, गोठ्यातले अंथरूण यांचा थर. त्यावर शेण, गोमूत्राने भिजलेली माती, थोडी राख. पाणी शिंपायचे, पण चिखल करायचा नाही; हवा खेळली पाहिजे. तीन वेळा उलथापालथ, आणि तीनेक महिन्यांत काळेभोर खत तयार. पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग. गोव्यातला कुणी म्हणेल, त्यात नवीन ते काय? आमच्या आज्या गोठ्यात पातेरा पसरून सारें करतच होत्या. खरे आहे. चीनमधले शेतकरी तर शतकानुशतके करत होते, आणि हॉवर्डने ते लपवलेले नाही. नवीन होते ते मोजमाप. कुठल्या थरात नत्र किती, ढीग किती तापतो, कधी उलथावा, याची नोंद ठेवून ती रीत कुणालाही करता येईल अशी लिहून काढणे.

आणि हे मोजमाप कुणी केले? १९३१ साली 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' हे पुस्तक निघाले, त्यावर लेखक दोन आहेत. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. हॉवर्डला पुढे 'सर' मिळाले, सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून त्याचे नाव विलायतेत आणि अमेरिकेत झाले. वाडांचे नाव कुणाला ठाऊक आहे? आपण मराठी माणसे आडनावावरून गाव आणि गोत्र शोधण्यात पटाईत, पण या आडनावाची चौकशी आपण कधी केली नाही.

वाडांचे पुढचे काम तर मला अधिक मोलाचे वाटते. हॉवर्ड १९३१ साली इंदूर सोडून गेला, पण काम थांबले नाही. जॅक्सन आणि वाड या दोघांनी तीच पद्धत माणसाच्या वस्तीतल्या घाणीला लावून पाहिली. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी, अशा तीन जागी मैला आणि शहरी कचरा एकत्र कुजवला. ढीग आतून चांगला तापला की रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या त्यात तग धरत नाहीत. म्हणजे साथीला आळा बसतो आणि शेताला खत मिळते. हा निबंध १९३४ च्या फेब्रुवारीत छापला गेला तो शेतकीच्या मासिकात नव्हे, 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये. डॉक्टरांच्या नियतकालिकात खताचा निबंध! पुढल्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी ही संस्था पाहून गेले आणि 'हरिजन'मधून त्या खताची माहिती देशभर गेली. त्याच १९३५ साली इंदूरला मराठी साहित्य संमेलनही भरले होते. त्या मांडवात वाडांचा विषय निघाला असेल का, असा एक खट्याळ प्रश्न माझ्या मनात येतो.

याच्याही आधी पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ दरबारच्या बोलावण्यावरून इंदूरला आला होता. १९१८ साली त्याने नगररचनेचा दोन खंडी अहवाल दिला. त्याचे चरित्रकार सांगतात की प्लेगच्या त्या दिवसांत त्याने दिवाळीची मिरवणूक काढवली. त्यात घाणीचा राक्षस, प्लेगचा भलामोठा उंदीर, आणि शेवटी लक्ष्मी. मिरवणूक जाणार ती ज्या रस्त्यांवर स्वच्छता असेल त्यांवरून. लोकांनी घरे-अंगणे झाडून काढली. आरोग्याचे काम सण-उत्सवाच्या भाषेत बोलले तर लोक ऐकतात, हे त्या परक्या माणसाला कळले होते.

आता एवढे कौतुक झाल्यावर दोन कडू गोष्टीही सांगायला हव्यात.

पहिली. हॉवर्डने पुढे फार मोठी उडी मारली. १९३९ साली चेशायरच्या डॉक्टरांनी क्रू येथे सभा घेतली, तिथे तो आणि कुन्नूरला आहारावर संशोधन केलेला डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन असे दोघे बोलले. जिवंत मातीतले अन्न खाल्ले की माणसाचे बहुतेक आजार टळतील, असा हॉवर्डचा सूर होता. हे सिद्ध झालेले नाही. माती आणि आरोग्य यांचा संबंध आहे, पण श्रद्धा म्हणजे पुरावा नव्हे. आज जो उठतो तो 'ऑर्गेनिक'च्या नावाने काहीही विकतो. वाडांसारखा मोजणारा माणूस शेजारी हवा तो याचसाठी.

दुसरी गोष्ट अधिक कडू. तो मैला खड्ड्यापर्यंत कुणी वाहून नेला? कुठल्या जातीच्या माणसांनी, कुठल्या हातांनी? त्यांची नावे ना पुस्तकावर, ना निबंधावर. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करायला आपल्याला १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागले, आणि तरी गटारांत उतरून माणसे अजून मरतात. या प्रयोगाचा तिसरा भागीदार तो सफाई कामगार होता. त्याचे आरोग्य कुणी मोजले नाही.

हे सगळे आज उगाळायचे कारण? सांगतो. इंदूर २०१७ पासून वर्षामागून वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले. ते उगीच नव्हे. ओला-सुका कचरा तिथली माणसे खरोखर वेगळा करतात, आणि २०२२ साली ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, दिवसाला ५५० टनांचा प्रकल्प तिथे सुरू झाला. आणि त्याच इंदुरात २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे जुलाब-उलट्यांनी आजारी पडली, काही प्राणास मुकली. वरचा रस्ता लखलखीत, खालचा नळ नासलेला. कचऱ्याचा विभाग बक्षिसे मोजत होता, पाण्याचा विभाग नळजोडण्या, आणि आरोग्याचा विभाग मोजायला आला तेव्हा मोजायला रोगी होते. साखळीचे तीन कप्पे झाले की असे होते.

गोव्याने हसायचे कारण नाही. सोनसोड्याचा डोंगर कित्येक वर्षे आमच्याच उरावर होता. आणि सत्तरीत २०१५ नंतर माकडताप आला त्याची आठवण ठेवा. हा आजार १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात सापडला. माकडे पटापट मरू लागली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो पसरतो गोचिडांतून. काजूच्या हंगामात रानात जाणारी माणसे, पातेरा गोळा करणाऱ्या बायका त्यात सापडतात. म्हणजे ज्या पातेऱ्याचे सारें होते, त्याच पातेऱ्यात आजारही असतो! मेलेले माकड आधी दिसते ते वनरक्षकाला किंवा गुराख्याला, डॉक्टरला नव्हे. तेव्हा वनखाते, पशुवैद्य, आरोग्य केंद्र, प्रयोगशाळा आणि ती पातेरावाली बाई, हे सगळे एकाच नोंदवहीत लिहितील तरच पुढचा ताप वेळेत कळेल.

माझे मागणे मोठे नाही. आंतरशाखीय, एकात्मिक असले जड शब्द परिसंवादांना राहू देत. ज्या गावाचे पाणी, कचरा आणि ताप यांचा हिशेब तीन दप्तरांत आहे, तिथे तो महिन्यातून एकदा एका टेबलावर ठेवा. त्या टेबलाशी रसायनशास्त्रज्ञ बसू दे आणि सफाई कामगारही बसू दे. जे सापडेल ते लोकांच्या भाषेत छापा आणि त्याखाली सगळ्यांची नावे घाला.

निघताना काकांना हट्टाने शेतकी कॉलेजकडे घेऊन गेलो. त्यांनी सांगितले तेच खरे. झाडे होती आणि जमीन होती. एका कडेला पाचोळ्याचा ढीग होता. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वाड म्हणालात ना? घरी गेल्यावर विचारतो कुणाला तरी."

एवढे झाले तरी पुष्कळ झाले.