कला हा उरलेल्यांचा विषय नव्हे

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एक विधी मुकाट्याने पार पडतो. चित्रकलेची वही, रंगपेटी आणि ब्रश माळ्यावर जातात. त्यांच्या जागी शिकवणीवर्गांच्या नोट्सचे गठ्ठे येऊन बसतात. अकरावीला चित्रकला हा विषय घेऊ द्या, असे कोणी सुचविलेच तर घरातील वडीलधारे विचारतात, ‘‘का हो, गुण कमी पडले का?’’ आमचे भांडण या प्रश्नाशी आहे. कला म्हणजे ज्यांना दुसरे काही जमले नाही त्यांच्यासाठी ठेवलेला आडोसा, हे गृहीत त्यात दडलेले आहे, आणि ते साफ खोटे आहे.

गंमत अशी की, हेच आम्ही सभासमारंभांतून मात्र कलेचा वारसा सांगताना थकत नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इंदूरमध्ये १९२७ साली चित्रकला विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर ही मंडळी त्यांच्याच हाताखाली घडली. या नावांचा उच्चार झाला की आमची छाती फुगते. पण यांच्यापैकी एखादा मुलगा आज आमच्या घरी जन्माला आला, तर आम्ही त्याला गणिताच्या शिकवणीला पाठवून मोकळे होऊ. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा आणि वंशजांची वाट अडवायची, याला वारसा जपणे म्हणत नाहीत.

बडोद्याच्या वाचकांना तर अधिक सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन उभारले, तेव्हा चित्रकला आणि कारागिरी यांना विज्ञानापासून वेगळे काढले नाही. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. रंगाई, यंत्रविद्या आणि रेखाटन एकाच छताखाली शिकविले जाई. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. ज्याला हाताने रेषा ओढता येते त्याला यंत्राचा भागही नीट दिसतो, एवढी साधी गोष्ट त्या संस्थानिकाला उमगली होती.

आता विषयाचे खरे स्वरूप पाहू. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या चित्रकलेत लेखी परीक्षेला ३० आणि प्रात्यक्षिकाला ७० गुण आहेत. मुलाला समोरची वस्तू पाहून काढावी लागते, स्वतःची रचना करावी लागते आणि वर्षभराच्या कामाचा संच दाखवावा लागतो. लेखी भागात प्रागैतिहासिक शैलचित्रांपासून अजिंठ्यापर्यंत आणि राजस्थानी, पहाडी, मुघल व दख्खनी लघुचित्रांपासून आधुनिक चित्रकारांपर्यंतचा इतिहास येतो. भीमबेटका आणि सांची तर आमच्या राज्यातच आहेत; तरी किती मुलांनी ती अभ्यासाच्या नजरेने पाहिली आहेत? शिवाय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी यांच्या जोडीला पाचवा विषय म्हणून चित्रकला घेण्याची सोय या मंडळात आहे. म्हणजे अभियांत्रिकीचा दरवाजा बंद होतो, ही भीतीही निराधार ठरते.

पोटापाण्याचे काय, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वास्तुकला, वस्त्र-आरेखन, मुद्रण, वस्तु-आरेखन अशी क्षेत्रे आहेत. भोपाळला २०१९ पासून राष्ट्रीय आरेखन संस्थाही सुरू आहे. तथापि केवळ नोकरीचे आमिष दाखवून आम्ही या विषयाची वकिली करणार नाही. चित्रकला घेतलेली सगळीच मुले चित्रकार होणार नाहीत, जशी गणित घेतलेली सगळीच गणिती होत नाहीत. पण दोन वर्षे डोळा आणि हात यांना शिस्त लागली, तर डॉक्टर, वकील, अधिकारी कोणीही व्हा, ती उपयोगी पडते. महेश्वरच्या लुगड्याचा काठ किंवा बागेच्या ठशांची छपाई यांमागे किती हिशेब आणि किती रसायन आहे, हे त्या मुलाला कळते. मग तो कारागिराशी घासाघीस करताना चार वेळा विचार करतो.

दोष एकट्या पालकांचा नाही. शासनाच्या सेवेत आयुष्य काढल्यामुळे मंजूर पद आणि भरलेले पद यांतील अंतर आम्हांला चांगले ठाऊक आहे. माहितीपत्रकात चित्रकला छापायची, शिक्षक नेमायचा नाही, आणि वर्षअखेर ‘‘मागणीच नाही’’ असा शेरा मारायचा, ही युक्ती शाळांनी कचेऱ्यांकडूनच उचलली असावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांत कठोर भिंत नसावी असे म्हटले आहे. धोरण कागदावर आहे. भिंत वेळापत्रकात आहे. चित्रकलेचा तास आणि रसायनशास्त्राचा तास एकाच वेळी लावला की मुलापुढे निवडीला जागाच उरत नाही.

म्हणून आमची मागणी आपल्याच माणसांकडे आहे. जून उजाडण्यापूर्वी शाळेत जाऊन विचारा : अकरावीला चित्रकला आहे का, शिकवायला कोण आहे, तास केव्हा आहे? दहा पालकांनी लेखी विचारले तर ‘‘मागणी नाही’’ हा शेरा मारणे जड जाईल. मंडळांनीही दरवर्षीच्या रांगोळी-स्पर्धेवर न थांबता बारावीच्या मुलांच्या कामाचे एक प्रदर्शन आपल्या सभागृहात भरवावे. देवळालीकरांच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा त्यात त्यांचा मान अधिक राहील. आणि घरातील मुलगी उद्या म्हणाली की मला चित्रकला घ्यायची आहे, तर तिचे गुण विचारण्याआधी तिची वही पाहायला मागा.